थाळी दिसेनाशी होते ती गाठ

आधी थाळीचे सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

पांढऱ्या एनॅमलची एक जुनी थाळी घ्यायची. तिच्या काठाला सारख्या अंतरावर तीन भोके पाडून दोऱ्या ओवायच्या आणि त्या वर एका लांब दोरीला बांधायच्या. थाळी पाण्यात आडवी राहावी म्हणून तिच्या पोटाखाली एक दगड. लांब दोरीला दर पंचवीस सेंटिमीटरवर एक गाठ, पट्टीने मोजून मारलेली. मग थाळी सावलीच्या बाजूने हळूहळू पाण्यात सोडायची. दोन मुलांनी पालथे पडून तिच्याकडे टक लावून बघायचे. ती दिसेनाशी झाली की ओरडायचे, "गेली!" दोरी धरणाऱ्याने त्याच क्षणी दोरी थांबवायची, पाण्याशी कितवी गाठ आली ते बघायचे आणि वहीत लिहायचे. पाणी स्वच्छ असेल तर थाळी खोलवर दिसते, गाठी जास्त येतात. पाणी गढूळ असेल तर कमी. झाले. एवढेच शास्त्र. सात वर्षांच्या मुलालाही कळते.

आमच्या शाळेमागे तळे आहे. एकोणीस वर्षे दर शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेची मुले तळ्याच्या लाकडी धक्क्यावर ही थाळी सोडत आली आहेत. पहिल्या वर्षी चौदा गाठी येत. यंदा चारही मिळत नव्हत्या. मी निवृत्त झालो, पण शनिवार सोडला नाही. एकोणीस वर्षांच्या एकोणीस वह्या माझ्याकडे होत्या, आणि त्या वह्यांसाठीच वकीलबाई मला शोधत आल्या.

त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक येणार होते. तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठापासून ठराविक अंतरात कारखान्यांचे सांडपाणी सोडायला बंदी. आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे, म्हणून आम्ही त्यात. अधिवेशन सुरू व्हायला तीन आठवडे होते आणि विधेयक आधी एका समितीसमोर जाणार होते. तिथे आमच्या बाजूने बोलायला एकाला तीन मिनिटे मिळणार होती.

आम्ही चौघे होतो. वकीलबाई, केस आखूड कापलेल्या, चहा गार करून पिणाऱ्या. प्रयोगशाळेत पाणी तपासणारी एक मुलगी, तिला सगळे पाणीवालीच म्हणत. तिसरा नावाडी, ज्याची नाव आता वर्षातले दहा महिने काठावर उलटी पडलेली असे. आणि मी. छापखान्याच्या वरची एक खोली वकीलबाईंनी मिळवली होती. खाली यंत्र सुरू झाले की टेबलावरच्या टाचण्या थरथरत. भिंतीवर एक मोठा पुठ्ठा होता आणि त्यावर अकरा खुर्च्या काढल्या होत्या. समितीचे अकरा सभासद. चार खुर्च्या हिरव्या, म्हणजे आपल्या. चार लाल. तीन नुसत्या पेन्सिलीने काढलेल्या. एक डॉक्टर, एक गॅरेजवाला आणि एक निवृत्त शिक्षिका.

"ह्या तिसऱ्या बाई तुमच्यासाठी आहेत, मास्तर," वकीलबाई म्हणाल्या. "आयुष्यभर वह्या तपासल्यात त्यांनी. मुलांच्या हातचे आकडे बघून विरघळल्या नाहीत तर मी वकिली सोडते."

"सोडा बिनधास्त," नावाडी म्हणाला. "माझ्या नावेत बसून गळ टाकू. मासे नाहीत, पण गार वारा फुकट आहे."

पहिल्या आठवड्यात आम्ही काम वाटून घेतले. पाणीवालीने वह्या नेल्या आणि दर वर्षाची सरासरी काढायला बसली. नावाड्याने काठावरच्या घरांतून सह्या गोळा केल्या. वकीलबाई फोनवर असत. मी माझी तीन मिनिटे लिहीत होतो. वर्गात चाळीस मिनिटे बोलायची सवय असलेल्या माणसाला तीन मिनिटे म्हणजे रुमालात बिछाना बांधण्यासारखे.

एका दुपारी वकीलबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"एक विचारू का, मास्तर? रागावू नका. तुमची मुलगी..."

मी थांबलो.

"लहानपणी आजारी पडून गेली असं ऐकलं. ती तळ्यावर जायची, हेही ऐकलं. तुम्ही तेवढं सांगितलंत ना समितीला, नुसतं तेवढंच, तर पेन्सिलीच्या तिन्ही खुर्च्या हिरव्या होतील."

"तिचा आजार रक्ताचा होता," मी म्हणालो. "डॉक्टरांना मी दहा वेळा विचारलं. ते म्हणाले, पाण्याचा संबंध दिसत नाही."

"तुम्ही संबंध आहे असं म्हणूच नका. फक्त दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. जोडायचं काम ऐकणारा करील."

"बाई, मी पोरांना एकच गोष्ट शिकवली आहे. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितले, मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आमच्या मुलीला आम्ही बारकी म्हणत असू. एकुलती एक, पण अंगाने बारीक म्हणून बारकी. नवव्या वर्षी ती थाळीच्या गटात आली आणि बारा पुरी व्हायच्या आत गेली. एकोणीस वह्यांपैकी आठवी, नववी आणि दहावी, अशा तीन वर्षांच्या तीन वह्या तिच्या हातच्या. दोरी तीच धरी आणि तीच लिही. धक्का जुना होता, एका वेळी तीनच मुले उभी राहू देत असे मी. मी काठावर बाकीच्यांना धरून उभा असे. ती आकडा लिहून वही छातीशी धरून पळत येई. धापा टाकत म्हणे, "बाबा, नऊ!" "बाबा, दहा!" आणि माझ्या तोंडाकडे बघत राही.

त्या तीन वर्षांत तळे सुधारले होते. नऊ, दहा, अकरा. ती गेली आणि पुढच्याच महिन्यात आकडा एकदम सातावर आला. मी विज्ञान शिकवणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीसुद्धा मनाशी म्हणायचो, पोर होती तोवर तळेसुद्धा धीर धरून होते. त्या तीन वह्या मी इतर वह्यांत ठेवल्या नव्हत्या. कपाटात वेगळ्या, तिच्या जुन्या स्कार्फमध्ये गुंडाळून. वर्षातून एकदोनदा काढून बघे; पाणीवालीला दिल्या तेव्हाच त्या पहिल्यांदा घराबाहेर गेल्या. नऊ, दहा, अकरा. बाकी सगळे खाली जात असताना एक गोष्ट वर गेली होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाणीवालीने आलेख आणला. लांब कागदावर एकोणीस ठिपके आणि ते जोडणारी रेघ. रेघ डावीकडून उतरत येत होती, मध्येच तिला कुबड आले होते आणि मग एकदम कडा कोसळल्यासारखी खाली.

"हे काय आहे?" वकीलबाईंनी कुबडावर बोट ठेवले.

"तीन वर्षं पाणी सुधारलं होतं," मी म्हणालो.

"कुठल्या तीन वर्षांत?"

मी सांगितले. पाणीवालीने दुसरा कागद काढला. तिचा आवाज बारीक झाला होता. "मास्तर, त्याच तीन वर्षांत कारखान्याची दुसरी शेड सुरू झाली. दुप्पट रंग, दुप्पट पाणी."

खाली यंत्र चालले होते.

"म्हणजे आपणच त्यांच्या हातात कोलीत देतोय," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांचा तज्ज्ञ बाकीच्या सोळा वर्षांकडे ढुंकूनही बघणार नाही. तो हे कुबड पडद्यावर एवढं मोठं दाखवील आणि म्हणेल, बघा, कारखाना दुप्पट झाला आणि पाणी स्वच्छ झालं. मास्तरांच्याच शाळेचे आकडे आहेत. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

"तळ्याला काय कळतं कारखाना कधी वाढला ते," मी म्हणालो. "पाऊस जास्त झाला असेल. गवत वाढलं असेल."

"पावसाचे आकडे बघितले मी," पाणीवाली म्हणाली. "नेहमीसारखेच होते."

"मास्तर," नावाडी माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या वर्षांत मी रोज पाण्यात होतो. वल्ह्याचं पातं दिसत नव्हतं हो मला."

मला राग आला. कोणाचा ते कळले नाही. मी तीन वह्या उचलल्या, म्हणालो, "ह्या मुलीनं कधी एक आकडा चुकवलेला नाही," आणि जिना उतरलो.

घरी बायको खिडकीशी बसून भाजी निवडत होती. मी वह्या टेबलावर आपटल्या आणि झालेले सगळे सांगितले. आलेख, शेड, नावाड्याचे वल्हे. "म्हणे पातं दिसत नव्हतं! आयुष्यभर ज्याला स्वतःच्या नावेचं भोक दिसलं नाही, तो माझ्या पोरीच्या आकड्यांना नावं ठेवतो."

तिच्या बोटांतली काडी तशीच राहिली.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय." तिने काडी खाली ठेवली. "अहो, बसा जरा."

मी बसलो नाही.

"ती वाढवून लिहायची," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारता?" तिने ताट बाजूला ठेवले. "मला सांगितलं होतं तिनं. आकडा कमी आला की बाबांचं तोंड उतरतं, म्हणाली. मग दिवसभर बोलत नाहीत. म्हणून मी एखादी गाठ जास्त सांगते. मी म्हटलं, बाळ, असं करू नये. तर म्हणाली, आई, सोमवारी दवाखान्यातला आकडा खाली येतो तेव्हापण त्यांचं तसंच होतं. तो काही माझ्या हातात नाही. हा आहे."

सोमवारी रक्त तपासायला न्यायचो आम्ही तिला. कागद हातात आला की मी आधी तो आकडा बघे. माझ्या तोंडाचे काय होई ते मला कसे दिसणार?

"नऊ वर्षं," मी म्हणालो. "नऊ वर्षं तुला माहीत होतं."

"तुम्ही त्या वह्या स्कार्फातून काढून वाचायचात. तुमच्या तोंडावर तेवढ्यापुरतं बरं दिसायचं. मग मी काय करणार होते?" तिचा आवाज फाटला. "तिनं जे केलं तेच मी केलं."

थोड्या वेळाने, डोळे पुसून, ती आणखी एक गोष्ट म्हणाली. "आणि तिनं लपवलं नव्हतं म्हणे. बाबांनी शिकवलंय तसं लिहून ठेवलंय, म्हणाली होती. बाबांना कधीतरी दिसेल. मला काही ते कळलं नाही."

मला कळले. त्याच क्षणी कळले, आणि मी बसलो.

माझ्या वर्गात खोडरबर चालत नसे. मुले चूक खोडतात आणि त्यासोबत चुकण्यातले शिकणेही खोडून टाकतात, असे माझे मत. म्हणून नियम असा होता : उत्तर चुकले तर खोडायचे नाही. त्या आकड्याखाली टिंबे द्यायची. जितक्याने चुकले, तितकी टिंबे. दहा लिहिले आणि बरोबर उत्तर आठ असेल, तर दहाखाली दोन टिंबे. वर्षाच्या शेवटी वही उघडली की आपण कुठे आणि किती चुकत होतो ते दिसते. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक आहे.

मी वही उघडली. नऊ, खाली एक टिंब. नऊ, खाली एक टिंब. पुढच्या वर्षी दहा, खाली दोन. कधी तीन. इतकी बारीक की पेन टेकवायची तिची सवय आहे, असेच मी समजत आलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसऱ्या वहीत अक्षर डगमगायला लागले होते, पण टिंबे ठळक झाली होती. अकरा, खाली चार. एकही आकडा तिने टिंबांशिवाय सोडला नव्हता.

एक सोडून. दुसऱ्या वहीच्या मध्यावर एक शनिवार होता. त्या दिवशी मी तळ्यावर नव्हतो, तिच्या तपासणीचा कागद आणायला गेलो होतो. दुसऱ्या शिक्षिका मुलांना घेऊन गेल्या होत्या. त्या दिवसाचा आकडा सात. खाली काही नाही. स्वच्छ, सुंदर सात. आणि त्याच्याशेजारी लाल शाईत माझे अक्षर : "हे कसे? नीट बघत जा."

तीन वर्षांत तिने सरळ लिहिलेला एकच आकडा, आणि तोच मी चूक ठरवला होता.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्याच्या वरच्या खोलीत गेलो आणि तिघांना सांगितले. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसे, उभे राहून, हात मागे बांधून. टिंबे दाखवली. पाणीवालीने कागद ओढला आणि टिंबे वजा करत गेली. अर्ध्या तासाने तिने नवीन रेघ काढली. कुबड गेले होते. चौदापासून चारापर्यंत रेघ सरळ उतरत आली होती, कुठेही धक्का नाही.

"बसली," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

"सुटलो की मग!" नावाडी म्हणाला. "हीच द्या."

"कशी देणार?" वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "त्यांनी मूळ वह्या मागितल्या तर? आणि मागणारच. वहीत अकरा आहे, आपण सात म्हणतोय. का, तर खाली चार टिंबं आहेत. मास्तर, मला तुम्हाला दुखवायचं नाही, पण मी समोरच्या बाजूला असते तर एकच प्रश्न विचारला असता. एका मुलीनं बदलले, तर बाकीच्यांनी बदलले नाहीत कशावरून?"

"मग ती तीन वर्षं गाळा," नावाडी म्हणाला. "वह्या भिजल्या म्हणा. तळ्यात पडल्या. माझ्या नावेतून पडल्या म्हणा, मी येतो सांगायला. माझ्या नावेतून काहीही पडू शकतं हे सगळ्यांना माहीत आहे."

कोणी हसले नाही. तोही नाही.

वकीलबाई पुष्कळ वेळ पुठ्ठ्यावरच्या खुर्च्यांकडे बघत होत्या. "तीन वह्या नाहीत असं म्हटलं तर चालून जाईल," त्या हळू म्हणाल्या. "खोटं म्हणायचीही गरज नाही. सोळा उपलब्ध आहेत, एवढंच लिहायचं. मी तुम्हाला आग्रह करणार नाही. तुमच्या मुलीचं नाव त्या खोलीत निघावं की नाही, ते तुम्हीच ठरवा. पण सांगितलंत, तर आपण बहुतेक हरू. हे मी तुम्हाला आत्ताच सांगते. नंतर सांगणं बरं नाही."

दोन दिवस मी विचार केला. गाळले असते तर पोरीची गोष्ट घरातच राहिली असती आणि तळ्याला कदाचित कायदा मिळाला असता. मला दोन्ही हवे होते. पण त्या वह्या टेबलावर उघड्या ठेवल्या की टिंबे माझ्याकडे बघत. आजारी पोरीने, हात कापत असताना, शनिवारमागून शनिवार माझा नियम पाळला होता. तिने एक खोटे लिहिले होते आणि प्रत्येक वेळी ते किती खोटे आहे तेही लिहिले होते. आता मी ती वही नाहीच असे म्हणायचे, म्हणजे तिचे खोटे तेवढे ठेवायचे आणि खरे फेकून द्यायचे.

"काय करू?" मी बायकोला विचारले.

"मला विचारू नका. मी एकदा ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते बघताय." मग ती म्हणाली, "पण जाल तेव्हा मी येईन."

शेवटचा आठवडा तालमीचा. वकीलबाई घड्याळ घेऊन बसत, नावाडी समितीचा अध्यक्ष होई आणि पेंगायचे सोंग करी, पाणीवाली कारखान्याचा तज्ज्ञ. मी उभा राहून बोलायला लागे. थाळी, दोरी, गाठी, तिथपर्यंत ठीक. "माझ्या मुलीने" इथे आलो की पुढचा शब्द निघत नसे. पहिल्या दिवशी तीन मिनिटे तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी पाच वेळा म्हटले. नावाडी पेंगायचे विसरून जाई. तिसऱ्या दिवशी वकीलबाई म्हणाल्या, "मास्तर, पाढ्यासारखं म्हणा. अर्थाकडे लक्ष देऊ नका." तसे म्हटले, तेव्हा जमले. दोन मिनिटे पन्नास सेकंद.

गुरुवारी सुनावणी होती. लांब टेबल, अकरा माणसे, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. पाठीमागच्या बाकावर बायको बसली होती, मांडीवर तिन्ही वह्या. मी पाढ्यासारखे म्हटले. थाळी सांगितली. गाठी सांगितल्या. मुलीने आकडे वाढवून लिहिले हे सांगितले. का, तेही एका वाक्यात सांगितले. टिंबांचा नियम सांगितला, आणि तिचा जो एकच आकडा सरळ होता तो मीच चूक ठरवला होता, हेही. टेबलाशी कुणीतरी खोकले. मग वेळ संपल्याची घंटा वाजली.

त्या निवृत्त शिक्षिकांनी वह्या मागितल्या. बायकोने नेऊन दिल्या. बाईंनी चष्मा लावला आणि पान उलटत, आकड्यांखाली बोट ठेवून टिंबे मोजत गेल्या. मनातल्या मनात, ओठ हलवत. लाल शाईच्या पानावर जरा थांबल्या.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "पण गुरुजी, बाकीच्या मुलांनीही तुमच्याकडे बघून आकडे लिहिले नसतील कशावरून?"

उत्तर पाठ करून आणले होते. ते मी दिले नाही. "मला सांगता येणार नाही, बाई," मी म्हणालो. "नसतील असं वाटतं. पण मोजलेलं नाही."

त्यांनी वही मिटली. दोन्ही हातांनी बायकोला परत दिली.

विधेयक अधिक अभ्यासासाठी पुढच्या अधिवेशनापर्यंत लांबणीवर टाकले. सहा विरुद्ध पाच. सहाव्या त्याच बाई होत्या. बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी उरलेल्या प्रती पिशवीत भरल्या. "पुढचं अधिवेशन वर्षभराने," त्या म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पाणीवाली पुढे चालत गेली. नावाड्याने माझा हात धरून मला पायऱ्या उतरवल्या, मला त्याची गरज नव्हती तरी. "मास्तर, तुमच्यापेक्षा माझ्या नावेची स्थिती बरी आहे," तो म्हणाला, आणि त्याचेच डोळे भरून आले.

घरी आल्यावर बायकोने तिन्ही वह्या स्कार्फात गुंडाळल्या नाहीत. फळीवर सातवी आणि अकरावी यांच्यामध्ये जागा होती, तिथे उभ्या लावल्या.

शनिवारी मी तळ्यावर गेलो. चौथीची मुले होती. या वर्षी दोरी एका किडमिड्या मुलीकडे होती, दात पडलेल्या. दोघे पालथे झोपले. मी नेहमीसारखा काठावर उभा राहिलो, आणि मग वळलो. तळ्याकडे पाठ, शाळेच्या भिंतीकडे तोंड.

"मास्तर, तुम्ही तिकडे का बघताय?" ती ओरडली.

"ऊन लागतं डोळ्यांना."

"ऊन तर तिकडेच आहे!"

"तू आपलं काम कर बघू."

पाण्यात थाळी गेल्याचा आवाज आला. दोरी सरकत होती. भिंतीवरचा चुना एका जागी पोपडे येऊन सुटला होता, तो मी बघत राहिलो. "गेली!" दोघे एकदम ओरडले. मग बराच वेळ कोणी बोलेना. पोर माझ्या पाठीकडे बघत असावी. मी हललो नाही.

"तीन," ती म्हणाली.

"लिही," मी म्हणालो.